आधी खाद्याचं पोट: खाऱ्या पाण्यातल्या लहान माशांच्या आहाराविषयी

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले लहान मासे उपासमारीने मरतात, ते बहुतेक वेळा भरल्या टाकीत. डब्यातलं खाद्य रोज पडत असतं, धीट मासे त्यावर तुटून पडत असतात, आणि दगडाच्या कडेशी घुटमळणारा मँडरिन मासा समोरून वाहत गेलेल्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाणी तपासावं तर क्षारता बरोबर, तापमान बरोबर, अमोनिया शून्य. तरी हळूहळू त्याचं पोट खपाटीला जातं, डोक्यामागचं मांस झडून पाठीची कड वर येते आणि एके दिवशी तो दिसेनासा होतो. मग ‘हा मासा नाजूकच असतो’ असा निकाल देऊन दुकानातून दुसरा आणला जातो.

हा निकाल चुकीचा आहे, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. ज्या माशांना आपण नखरेल ठरवतो, त्यांचं तोंड, आतडं आणि दिवसभराचा क्रम एका ठरावीक आकाराच्या, ठरावीक रीतीने हलणाऱ्या भक्ष्याला जुळलेला असतो. डब्यातला कोरडा दाणा त्यांना अन्न म्हणून ओळखूच येत नाही. म्हणून त्यांच्या आहाराचा विचार माशापासून सुरू न करता त्याच्या भक्ष्यापासून सुरू करावा लागतो. ते भक्ष्य काय खातं, त्याच्या अंगात काय साठतं, ते टाकीत किती वेळ टिकतं, हे आधी बघावं लागतं. आधी खाद्याचं पोट भरायचं आणि मग माशाचं, हा क्रम पाळला की ‘नाजूक’ म्हणवले जाणारे बरेच मासे तब्येत धरतात.

मँडरिनचंच उदाहरण घेऊ. सिंकिरोपस स्प्लेंडिडस हे त्याचं शास्त्रीय नाव. जपानच्या र्युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम पॅसिफिकमध्ये, प्रवाळांच्या तुटक्या फांद्यांच्या ढिगाऱ्यात तो राहतो. लांबी सहा-सात सेंटिमीटर. अंगावरची निळाई ही रंगपेशींतल्या खऱ्या निळ्या रंगद्रव्याची. प्राण्यांत अशी निळाई फार विरळा, कारण बहुतेकांचा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो. या रंगासाठीच लोक त्याला घरी आणतात. निसर्गातल्या मँडरिनच्या पोटात काय सापडतं, हे अभ्यासकांनी तपासलं आहे. तळाशी सरपटणारे हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड, अँफिपॉड, ऑस्ट्रॅकॉड असे चिमुकले कवचधारी जीव, बारीक सागरी कृमी, चिमुकल्या गोगलगाई आणि माशांची अंडी अशी ती यादी आहे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो दगडाचा एकेक कोपरा न्याहाळतो, थांबतो, एक घास टिपतो आणि पुढे सरकतो. अशा प्राण्याला संध्याकाळी एकदा चिमूटभर दाणे देणं म्हणजे त्याच्या दिवसाचा बाकी सगळा वेळ उपवासाचा करणं.

समुद्रघोड्याची गोष्ट याहून अवघड. त्याला दात नाहीत आणि पोटाची पिशवीही नाही. नळीसारख्या तोंडाने ओढून घेतलेलं अन्न सरळ आतड्यात जातं आणि पटकन बाहेर पडतं, म्हणून त्याला वरचेवर खावं लागतं. बुटक्या समुद्रघोड्यावरचं एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या डोक्याच्या ठेवणीमुळे तोंडासमोरचं पाणी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे सावध कोपेपॉडलाही त्याची चाहूल लागत नाही, आणि स्थिर पाण्यात दहापैकी नऊ झडपा यशस्वी होतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याला आपण मंद समजतो तो एका विशिष्ट शिकारीत तरबेज आहे. ती शिकार टाकीत नसली की त्याचं सगळं कसब फुकट जातं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतात समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले पाइपफिश यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते घरी पाळायचे नाहीत. या पुस्तकात ते येतात ते परदेशातल्या वाचकांसाठी, आणि आहारशास्त्र समजावं म्हणून.

बाकीच्यांची तऱ्हा निराळी. अँथिअस आणि फायरफिश प्रवाहात तोंड करून वाहत येणारे प्लवक टिपतात. तळाला पडलेलं अन्न त्यांच्या लेखी संपलेलं असतं. कॉपरबँड बटरफ्लायफिश आपल्या लांब चोचीने फटींतले किडे उपसतो. सॅलारिअस जातीचा ब्लेनी दगडावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ खरवडून खातो. नव्या टाकीत सगळं साफ करून तो मालकाला खूश करतो, आणि दगड एकदा स्वच्छ झाले की उपाशी राहू लागतो. काही मासे तर फक्त जिवंत प्रवाळावरच जगतात. शेव्हरॉन बटरफ्लायफिश आणि नारिंगी ठिपक्यांचा फाइलफिश हे अॅक्रोपोरा प्रवाळाचे पॉलिप खाणारे. त्यांच्याविषयी या पुस्तकाचा सल्ला एका ओळीचा आहे: आणू नका.

लहान आकार हीच मुळात एक अडचण आहे. प्राणी जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची ऊर्जेची गरज मोठी आणि साठवण तोकडी. मोठा मासा काही दिवस न खाता तग धरतो. दोन सेंटिमीटरच्या गोबीला ती चैन परवडत नाही. प्रवाळखडकांवरच्या अशा बारक्या माशांचं आयुष्य किती वेगाने धावतं याची कल्पना एविओटा सिगिलाटा या गोबीवरून येते. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या अभ्यासात त्याचं कमाल आयुष्य ५९ दिवस भरलं. कणाधारी प्राण्यांतलं हे सर्वांत तोकडं नोंदलेलं आयुष्य आहे, आणि तेवढ्यात तो वाढतो, जोडी जमवतो, अंडी राखतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं, की प्रवाळखडकांवर खाल्ल्या जाणाऱ्या माशांच्या एकूण वस्तुमानातला जवळजवळ ६० टक्के वाटा दगडांच्या आडोशाने राहणाऱ्या या चिमुकल्यांचा असतो. म्हणजे खडकावरच्या मोठ्या माशांचं स्वयंपाकघर हेच चालवतात. ते स्वतः कशावर जगतात, हा प्रश्न त्यामुळे टाकीपुरता राहत नाही.

आता पोषणाकडे वळू. मासा खायला लागला की मालकाचा जीव भांड्यात पडतो. खरी चूक पुष्कळदा तिथूनच सुरू होते. खाणं आणि पोसलं जाणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते मुख्यतः स्निग्धाम्लांचं आहे. डीएचए आणि ईपीए ही लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लं मेंदू, डोळे, पेशींची आवरणं आणि अंडी यांसाठी लागतात. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पतिजन्य, आखूड साखळीच्या स्निग्धाम्लांपासून ती स्वतः बनवू शकतात. बहुतेक सागरी माशांत ही क्षमता फार क्षीण आहे. समुद्रात सूक्ष्म शैवालापासून कोपेपॉडपर्यंत सगळीकडे ही स्निग्धाम्लं मुबलक असल्याने ती बनवण्याची गरजच त्यांना पडली नाही. समुद्रातून उचलून टाकीत आणलेल्या माशाची ही आयती सोय तुटते, आणि ती पुरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. रंगाचंही तसंच. लाल, नारिंगी, पिवळ्या छटांसाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं मासा स्वतः बनवत नाही. ती कवचधारी भक्ष्यातून येतात. लालबुंद अँथिअस वर्षभरात फिकट झाला, तर दिव्यांकडे बघण्याआधी ताटाकडे बघावं.

या संदर्भात आर्टेमियाचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण जगभरच्या मत्स्यालयांचा सारा भार या एका खाऱ्या झिंग्यावर आहे. त्याची कोरडी अंडपुटं डब्यात वर्षानुवर्षं टिकतात आणि कोमट खाऱ्या पाण्यात हवा सोडली की साधारण दिवसभरात फुटतात. माशांच्या पिल्लांना आर्टेमियाची पिल्लं चालतात, हे अमेरिकेत अल्विन सील यांनी १९३३ मध्ये दाखवलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून आणि युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याचा जागतिक व्यापार उभा राहिला, आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने त्याचं शास्त्र बांधलं. आपल्याकडेही तो अनोळखी नाही: राजस्थानातल्या खाऱ्या सरोवरांत, तुतिकोरिनच्या मिठागरांत त्याची नोंद आहे, आणि मुंबईच्या मिठागरांतही तो सापडलेला आहे.

पण आर्टेमियाच्या सोयीत एक खोट आहे. त्याच्या अंगात डीएचए जवळजवळ नसतंच. नुकतं फुटलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, त्याला तोंड उघडून खाता येत नाही. सुमारे आठ तासांनी कात टाकल्यावर ते खायला लागतं. म्हणजे दोन वेळा साधतात. एक तर फुटल्या फुटल्या, बलक शिल्लक असताना द्यायचं. नाही तर कात टाकेपर्यंत थांबून, डीएचएयुक्त तेलाचं मिश्रण किंवा योग्य शैवाल खाऊ घालून मग द्यायचं. मधल्या वेळात दिलेलं पिल्लू स्वतःच रिकामं झालेलं असतं. आर्टेमिया आपल्या पोटातलं डीएचएही भराभर मोडून टाकतो, म्हणून पोसून तयार केलेली पिल्लं लगेच द्यावीत, नाही तर थंडाव्यात ठेवावीत. पूर्ण वाढलेला, काहीही न खाऊ घातलेला आर्टेमिया रोज देणं म्हणजे वाढत्या वयाच्या मुलाला तिन्ही त्रिकाळ कुरमुऱ्यांवर ठेवणं. तोंड हलतं, अंगी लागत नाही.

आर्टेमियाचं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर असतं. त्याहून लहान तोंडांसाठी रोटिफर हे सूक्ष्म जीव लागतात. त्यांची लहान जात शंभर ते दोनशे मायक्रॉनची, मोठी त्याहून थोडी थोराड. ते शैवाल गाळून खातात आणि खाल्लेल्या शैवालाचे गुण उचलतात. इथे बारकाईने बघावं लागतं: नॅनोक्लोरोप्सिस या लोकप्रिय हिरव्या शैवालात ईपीए भरपूर, पण डीएचए नाही; आयसोक्रायसिस या सोनेरी शैवालात ते असतं. दोन्ही मिळून ताट पुरं होतं. कोपेपॉड मात्र या सगळ्यांत वरचढ. त्यांची पिल्लं शंभर मायक्रॉनहूनही बारीक असू शकतात, त्यांच्या झेपा टाकत पोहण्याने माशाची नजर वेधली जाते, आणि टिस्बे, टिग्रिओपस यांसारख्या काही जाती साध्या शैवालावर वाढूनही स्वतःच्या अंगात डीएचए तयार करू शकतात. टिस्बे दगडांच्या फटींत लपून वाढतो, म्हणून टाकीत मुरवायला चांगला. टिग्रिओपस मोठा, लालसर आणि उघड्यावर फिरणारा, म्हणून तो पटकन खाल्ला जातो. या दोघांमधला फरक न कळल्यामुळे अनेकांचे पैसे एका दुपारी फस्त झालेले आहेत.

टाकीतच अन्न पिकवायचं, ही कल्पना जुनी आहे. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली: समुद्रातून आणलेले जिवंत दगड, समुद्राचंच पाणी आणि हवेचे बुडबुडे, बाकी यंत्रं जवळजवळ नाहीत. पाणी स्वच्छ राहण्यासाठी त्या दगडांचं महत्त्व पुढे सर्वांनी मान्य केलं; पण ते दगड किड्या-कृमींनी भरलेलं कोठारही होते, याकडे फार दिवस कमी लक्ष गेलं. आजचं रेफ्युजियम म्हणजे त्याच कोठाराची स्वतंत्र खोली. मुख्य टाकीला जोडलेल्या या लहान कप्प्यात कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखं शैवाल वाढतं, त्यात कोपेपॉड निर्धास्त पिलावतात आणि प्रवाहाबरोबर थोडे थोडे मुख्य टाकीत जातात. मँडरिन पाळायचा असेल, तर आधी हा कप्पा काही महिने चालवून बघावा. रात्री विजेरी मारल्यावर काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसू लागले की मग मासा आणण्याची भाषा करावी.

महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला एक सोय अशी आहे, की उत्तम सागरी खाद्य त्याच्या बाजारातच असतं. ताजा जवळा स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, पातळ थर करून गोठवला की कॉपरबँडपासून क्लाउनफिशपर्यंत अनेकांना चालतो. मिठात वाळवलेला किंवा वाळू लागलेला सुका जवळा मात्र टाळावा. गाबोळी हा तर दुर्लक्षित खजिना आहे. पडदा सोडवून, गाळणीत धुऊन सुटी केलेली अंडी प्रवाहात सोडली की अँथिअस त्यांवर झेपावतात, आणि समुद्री स्निग्धाम्लं त्यांत भरलेली असतात. अर्धवट उघडलेली तिसरी तळाशी ठेवली की हट्टी कॉपरबँड पुष्कळदा पहिला घास तिथेच घेतो. पण कुठलाही एकच पदार्थ रोज देऊ नये. अनेक शिंपल्यांत आणि काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि गोठवल्यानेही निकामी होत नाही. आलटून-पालटून देणं हाच त्यावर सोपा इलाज.

गोठवलेल्या आयात खाद्याविषयीही सावध राहायला हवं. प्रवासात वितळलेली आणि पुन्हा गोठवलेली वडी दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातला रस निघून गेलेला असतो, स्निग्धाम्लं खवट होऊ लागलेली असतात. वडीच्या कडा ओघळलेल्या असतील, पाकिटाच्या तळाशी रंगीत बर्फ साचलेला असेल, तर ते पाकीट घेऊ नये. घरी वीज बराच वेळ गेली तर वितळलेलं खाद्य त्याच दिवशी वापरावं किंवा टाकून द्यावं. कोरड्या खाद्याचा डबा उघडल्यावर हवा, उष्णता आणि दमटपणा क जीवनसत्त्वावर काम करू लागतात. म्हणून मोठा डबा स्वस्त पडला तरी लहान डबा घ्यावा आणि पावसाळ्यात तर तो फ्रिजमध्येच ठेवावा.

देण्याची रीत हा निम्मा आहार आहे. लहान तोंडांना थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. धीट माशांना आधी एका बाजूला गुंतवून ठेवावं, मग प्रवाह मंद करून लांब पिपेटने बुजऱ्या माशाच्या समोर, त्याच्या अंगावर नव्हे, घास सोडावा. अरुंद तोंडाची काचेची बाटली आडवी ठेवून तिच्यात खाद्य टाकलं की मँडरिन आत जाऊन निवांत खातो आणि मोठे मासे बाहेर राहतात. जिवंत खाद्यावरून गोठवलेल्यावर नेताना दोन्ही मिसळून द्यावं आणि प्रमाण हळूहळू बदलावं. जास्त खाऊ घालण्याचा दंड नायट्रेट आणि फॉस्फेटच्या रूपाने भरावा लागतो हे खरं. त्यासाठी टाकीची गाळणव्यवस्था वाढवावी. माशाचा घास तोडून पाणी स्वच्छ ठेवण्यात काही शहाणपण नाही.

सर्वांत मोठा निर्णय तर मासा विकत घेण्याआधीच होतो. दुकानदाराला तो मासा आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावं. पोट आत गेलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, दयेपोटीही नको, कारण त्याची जागा भरायला दुसरा पकडला जातो. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची रीत पसरली. अशा माशांच्या यकृताला आणि आतड्याला इजा झालेली असू शकते, आणि मग कितीही चांगलं खाद्य दिलं तरी ते लागू पडत नाही. संवर्धन केंद्रात जन्मलेले मासे हा यावरचा मार्ग आहे. ते लहानपणापासून तयार खाद्याला सरावलेले असतात. मँडरिनसारखा माशांतला हट्टी गडीही २०१० मध्ये फ्लोरिडातल्या संवर्धकांनी टाकीत वाढवून बाजारात आणला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल यांच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे. ही पिल्लं निवडणं ही चोखंदळ ग्राहकाची पहिली खूण.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी शैवाल, मग रोटिफर, आर्टेमिया आणि कोपेपॉड यांचं घरगुती संवर्धन, त्यानंतर मासळीबाजारातलं खाद्य, आणि शेवटी एकेका माशाचा आहार. माशांची प्रकरणं मागे आहेत म्हणून कोणी थेट तिकडे उडी मारील, ते करू नये. पहिल्या भागातली एक बाटली शैवाल आणि एक बादली कोपेपॉड तुमच्या बाल्कनीत महिनाभर धड चालली, तरच शेवटच्या भागाचा उपयोग आहे. ती चालत नसेल तर क्लाउनफिश पाळा, तो कोरडा दाणाही आनंदाने खातो आणि तितकाच देखणा आहे. मँडरिनसाठी थांबा, जिवंत खाद्याची तयारी झाल्यावाचून त्याला आणू नका.